टर्बोच्या आधी ऊब, नंतर मोकळीक

भावा, डिझेल गाडीला धुराचा मोठा पाइप बसवायच्या आधी उष्णता कुठे जाते ते बघ. टर्बो, म्हणजे इंजिनात जास्त हवा ढकलणारा पंखा, फिरतो तो धुराच्या दाबावर आणि उष्णतेवर, म्हणून मॅनिफोल्ड (इंजिनातून धूर गोळा करणारा भाग) ते टर्बो हा रस्ता आखूड आणि गरमच हवा. टर्बोनंतरचा पाइप (डाउनपाइप) मात्र मोकळा ठेव, तिथे तुंबलेला दाब टर्बोचा जोर खातो.

उष्णतारोधक पट्टी स्टेनलेसच्या डाउनपाइपवर गुंडाळ. साध्या लोखंडावर ती पावसाची ओल धरते आणि पट्टीखाली पाइप गंजतो.

धुराचं तापमान मोजणारा प्रोब टर्बोच्या आधीच लाव. नंतर लावलास तर लोडवर काटा शंभरेक अंश, कधी त्याहून जास्त, कमी दाखवतो. चढावर ७०० अंश सेल्सिअसकडे सरकला, की अॅक्सिलरेटर सोड, गिअर खाली घे. आणि डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) कापू नकोस, कुणी कितीही सांगितलं तरी.