मानेवरचा काळेपणा घासून जात नाही

प्रश्न : मुलगा १३ वर्षांचा, उंची १५२ सें.मी., कंबर ८४. मानेवरची कातडी काळी, जाडसर झालीय. शेजारी म्हणतात, वयात आला की अंग झडेल. थांबू का?
– एक आई, निपाणी

उत्तर : थांबू नका, ताई. आणि मान घासणं आजच बंद करा, तो मळ नाही. रक्तात इन्सुलिन वाढलं की तिथली कातडी अशी होते. कंबरही उंचीच्या निम्म्याहून, म्हणजे ७६ सें.मी.हून, बरीच पुढे आहे.

१० ते १५ वर्षांत कंबर वयाच्या तक्त्यात ९० व्या पर्सेंटाइलला (म्हणजे त्या वयाच्या शंभरातल्या नव्वद मुलांहून जास्त) किंवा वर असेल आणि पुढच्यांपैकी दोन गोष्टी आढळल्या, तर त्याला मेटाबॉलिक सिंड्रोम (मधुमेह, हृदयविकाराकडे नेणारे बिघाड एकत्र येणं) म्हणतात : ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) १५० किंवा अधिक, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ४० हून कमी, उपाशीपोटी साखर १०० किंवा अधिक, रक्तदाब वरचा १३० किंवा खालचा ८५ पासून पुढे. रक्त देण्याआधी १० तास फक्त पाणी. रक्तदाबाचा पट्टा जाड दंडाला तोकडा पडला तर आकडा उगाच वाढतो. मोठा पट्टा मागा. यकृतासाठी एएलटी ही रक्ततपासणीही करून घ्या.

वाढत्या पोराला उपाशी मात्र ठेवू नका. भाकरी, उसळ, पालेभाजी पोटभर द्या. आधी तोडायचं ते बाटलीतलं गोड पेय, खारी-टोस्ट, चहातली साखर; कुंदा सणापुरता. रोज तासभर दम लागेल असा खेळ हवा. वजन आहे तिथंच राहून उंची वाढली, तरी पुष्कळ फरक पडतो.

खूप तहान, रात्री वारंवार लघवी, अचानक वजन घटणं दिसलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.