स्प्लेंडरला मॅग्नेटवाला ड्रेन बोल्ट लावल्याने इंजिनचं आयुष्य वाढतं का?

तुमची स्प्लेंडर 60 हजार किलोमीटर चालली आहे, टोकाला चुंबक असलेला ड्रेन बोल्ट (इंजिनाच्या तळाचा, जुनं ऑइल सोडायचा बोल्ट) ऑनलाइन 300 रुपयांना मिळतोय आणि जाहिरातीत ‘इंजिनचं आयुष्य दुप्पट’ असं लिहिलंय, म्हणून घ्यावा का, असं तुम्ही विचारलंय.

मी कोल्हापुरात उद्यमनगरात बोअर-क्रँकचं (पिस्टन ज्यात चालतो तो सिलिंडर आणि पिस्टनमुळे फिरणारा दांडा यांचं) काम करतो, त्यामुळे झिजलेली इंजिनं रोज हाताखालून जातात. माझं मत विचाराल तर घ्या. आयुष्य दुप्पट वगैरे काही होत नाही, ते डोक्यातून काढून टाका. पण इंजिन न उघडता आत काय झिजतंय हे कळायला एवढं स्वस्त साधन दुसरं नाही.

आधी चुंबक काय धरतं ते बघू. धरतं फक्त लोखंड आणि पोलाद. म्हणजे बोअरचा लायनर, रिंगा, कॅम, रॉकर, टायमिंग चेन, गिअरचे दात, क्लचच्या पोलादी प्लेटा आणि बेअरिंगं. पिस्टन ॲल्युमिनियमचा, त्याचा चुरा चुंबकाला चिकटत नाही. क्लचच्या घर्षण प्लेटांची धूळ आणि पितळी बुशाचा कीस यांनाही चुंबक हात लावत नाही. बोल्ट स्वच्छ निघाला म्हणजे इंजिन ठणठणीत, असं म्हणूनच समजू नका.

तरी बाईकला या बोल्टचा उपयोग कारपेक्षा जास्त आहे, असं मी ठामपणे सांगतो. कारच्या क्रँकला शेल बेअरिंगं असतात, म्हणजे गोळ्या-रोलर नसलेल्या, अर्धगोल वाट्यांसारख्या पट्ट्या. त्यांच्या आतल्या थरात ॲल्युमिनियम-कथील किंवा तांबं-शिसं असतं. ते झिजायला लागलं तरी चुंबकावर काहीच येत नाही. शंभर सीसीच्या बाईकचा क्रँक मात्र बॉल बेअरिंगवर फिरतो आणि कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकाला रोलर असतात, सगळं पोलाद. त्यातून गिअरबॉक्सही त्याच ऑइलमध्ये बुडालेला. म्हणजे ज्या भागांच्या बिघाडाने तुमचा खिसा रिकामा होतो, त्यातल्या बऱ्याच भागांचा कीस याच बोल्टपाशी येऊन थांबू शकतो.

तुमच्या 97.2 सीसी इंजिनात कागदी फिल्टर नसतो, हीसुद्धा लक्षात घ्यायची गोष्ट. एक जाळीची चाळणी असते आणि क्रँकच्या टोकाला फिरणारा सेंट्रीफ्युगल फिल्टर. तो गरगर फिरतो, जड कण बाहेरच्या भिंतीवर फेकले जातात आणि तिथे काळा घट्ट गाळ साठतो. तो ॲल्युमिनियमही धरतो, क्लचची धूळही धरतो. पण साफ करायला उजवीकडचं क्लच कव्हर उघडावं लागतं, नवीन गॅस्केट लागतं, म्हणून नेहमीच्या सर्व्हिसिंगमध्ये त्याला कुणी हात लावत नाही. गाळ खरवडून काढावा लागतो इतका कडक झालेला मी पुष्कळदा पाहिलाय. 60 हजार झालेत आणि हा फिल्टर कधीच उघडला नसेल, तर 300 रुपयांच्या बोल्टआधी त्याच्यावर खर्च करा.

आता बोल्ट वाचायचा कसा. ऑइल गरम असताना काढा, म्हणजे खाली बसलेलंही वाहून येतं. बोल्ट लगेच फडक्याने पुसून टाकू नका, बहुतेक गॅरेजमध्ये नेमकं हेच होतं. टोकावर काजळासारखा करडा-काळा मऊ लेप असेल, अंगठा आणि बोटात चोळला तर काहीच टोचत नसेल, तर ती रोजची झीज आहे. नव्या इंजिनात पहिल्या सर्व्हिसिंगला हा लेप जाड असतो, रिंगा आणि गिअर एकमेकांना बसत असतात. पुढे तो पातळ होत गेला पाहिजे. उलट जाड होत चालला, तर लक्ष ठेवा.

चोळताना खरखर लागली, सुईसारखे तुकडे दिसले किंवा उन्हात चमकणारे पातळ पापुद्रे दिसले, तर प्रकरण वेगळं. लेप थोड्या रॉकेलमध्ये धुऊन पांढऱ्या कागदावर ओता, वाळू द्या आणि कागदाखालून दुसरं चुंबक फिरवा. जे सरकतं ते पोलाद. पापुद्रे हे बहुतेक वेळा बेअरिंगच्या किंवा गिअरच्या दाताच्या पृष्ठभागाचे असतात, धातू थकला की तो असा सोलून निघतो. मोठा, कोपरे असलेला तुकडा म्हणजे गिअरच्या दाताचं टोक असू शकतं. असा तुकडा हातात आला की गाडी चालवू नका, इंजिन उघडा. तेव्हा उघडलं तर गिअरच्या एखाद्या जोडीवर भागू शकतं. तसंच पळवलं तर तो तुकडा दुसऱ्या दातांमध्ये सापडतो आणि मग केसिंगही जाऊ शकतं.

चुंबक बसवून विसरून जाण्यात काय धोका असतो, याचं एक खरं उदाहरण हेलिकॉप्टरचं आहे. त्यांच्या गिअरबॉक्सला चुंबकी प्लग असतात, त्यांना चिप डिटेक्टर म्हणतात. 1 एप्रिल 2009 ला स्कॉटलंडजवळ उत्तर समुद्रात एक सुपर प्यूमा हेलिकॉप्टर मुख्य गिअरबॉक्स निकामी होऊन कोसळलं, 16 माणसं गेली. आधी 25 मार्चला डिटेक्टरवर धातूचा एक कण सापडला होता, पण त्यावरून आतला बिघाड ओळखला गेला नाही. पुढे ब्रिटिश तपासात आणखी एक गोष्ट आली. कण खालच्या भागात उतरू नयेत म्हणून गिअरबॉक्सच्या आत चुंबकांचं कडं बसवलेलं होतं, आणि त्या कड्यामुळेच कण डिटेक्टरवर सापडण्याची शक्यता कमी झाली होती. मला हे वाचून फार वाईट वाटलं होतं. कण पकडले जात होते, पण जिथे कुणाला दिसणार नाहीत तिथे. काही कारवाले ऑइल फिल्टरच्या डब्यावर बाहेरून स्पीकरचं चुंबक चिकटवतात, ते मला याच कारणासाठी पटत नाही. आत काय जमलं हे डबा कापल्याशिवाय दिसत नाही.

बोल्ट घेताना दोन-तीन गोष्टी. जुना बोल्ट सोबत नेऊन आटे जुळवा. 12 एमएमच्या बोल्टमध्ये 1.25 आणि 1.5 एमएम असे दोन्ही पिच (दोन आट्यांमधलं अंतर) येतात. चुकीचा पिच पहिले एक-दोन आटे जातो, मग पाना लावून जोर दिला की ॲल्युमिनियमचे आटे सोलून निघतात आणि हेलिकॉइल (खराब झालेल्या भोकात नवे आटे देणारी तारेची स्प्रिंग) बसवायची वेळ येते. बोल्ट आधी बोटांनी शेवटपर्यंत फिरला पाहिजे. चुंबकाचं टोक जुन्या बोल्टपेक्षा फार लांब नसावं, आत कशाला घासता कामा नये. वॉशर दर वेळी नवा टाका.

चुंबक कसं बसवलंय तेही बघा. साधं निओडिमियमचं चुंबक 80 अंश सेल्सिअसच्या पुढे ताकद गमवायला लागतं आणि गरम इंजिनातलं ऑइल त्याच्यावर सहज जातं. जास्त तापमानाच्या ग्रेडचं किंवा समॅरियम-कोबाल्टचं (जास्त उष्णता सोसणारं चुंबक) असेल तर उत्तम. नुसतं डिंकाने चिकटवलेलं घेऊ नका, ते सुटलं तर इंजिनातच पडणार. चारी बाजूंनी दाबून पक्कं केलेलं बघून घ्या.

बसवल्यावर पहिल्या ऑइल बदलाला जे निघेल त्याचा फोटो इथे टाका, शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवा म्हणजे कणाचा आकार कळेल. गिअर टाकताना किंवा चढाला काही आवाज येतो का, तेही लिहा.