एचएसजी तपासणीत जी डाय सोडतात ती सुरक्षित असते का? मला कोळंबीची ॲलर्जी आहे, मग आयोडीन चालेल का?

प्रश्नात कोळंबी नसती तर मी उत्तर लिहायला बसलेच नसते.

कोळंबी खाल्ली की माझेही ओठ सुजतात. लग्नाला तीन वर्षं झाली तेव्हा डॉक्टरांनी एचएसजी, म्हणजे गर्भाशयात डाय सोडून गर्भनळ्या खुल्या आहेत का ते बघायचा एक्स-रे, काढायला सांगितला. रात्री जेवताना विषय निघाला आणि मोठ्या जाऊबाईंनी वाढता वाढताच निकाल देऊन टाकला, "त्या औषधात आयोडीन असतं, मासळीतही तेच. हिला कोळंबी सोसत नाही, ती डाय काय सोसणार?" सगळ्यांनी माना डोलावल्या. आमच्या ह्यांनी जरा जास्तच. तपासणी सव्वा वर्ष लांबली.

शेवटी मी हट्टाने गेले, तर एक्स-रेवाल्याने फॉर्मवर 'ॲलर्जी : कोळंबी' वाचून मला तसंच परत पाठवलं. पाळीनंतरचे तपासणीचे दिवस निघून गेले, म्हणजे आणखी एक महिना वाया. घरी "मी म्हटलं नव्हतं?" हे ऐकावं लागलं ते वेगळंच.

डॉक्टर मात्र हसल्या. कोळंबीची ॲलर्जी असते ती तिच्यातल्या प्रथिनाची, आयोडीनची नव्हे. आयोडीन आपण रोज मिठातून खातो. त्याची ॲलर्जी असती तर साध्या आमटीनेही ओठ सुजले असते! त्यांनी विचारलं ते एवढंच : पूर्वी कधी सीटी स्कॅनला डाय दिली होती का, तेव्हा अंगावर पित्त उठलं होतं का, श्वास लागला होता का? तुम्हीही हेच आठवून बघा. आणि दमा असेल तर तो सांगा.

प्रत्यक्ष तपासणी दहा-पंधरा मिनिटांची. डाय आत जाताना ओटीपोटात जोराची कळ येते, पाळीच्या पहिल्या दिवसासारखी, थोडी जास्तच. "काही दुखत नाही हो" म्हणणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका, निघण्यापूर्वी घ्यायची वेदनाशामक गोळी मागून घ्या. नेहमीची डाय पाण्यात विरघळणारी असते. नळ्या खुल्या असतील तर ती पोटात सांडते, रक्तात शोषली जाते आणि लघवीवाटे निघून जाते. 'शरीरात साठून राहते' हे जाऊबाईंचं दुसरं वाक्य, तेही चूक.

म्हणजे या डायपुरतं चूक. तेलाची डायही असते, लिपिओडॉल नावाची. ती खसखशीच्या तेलापासून करतात आणि तिच्या दर मिलिलिटरमध्ये ४८० मिलिग्रॅम आयोडीन असतं. आपली रोजची गरज ०.१५ मिलिग्रॅमची, यावरून अंदाज घ्या. हे तेल पोटात बरेच दिवस रेंगाळतं, त्यामुळे थायरॉइड बिघडू शकतो. मग ती वापरतात कशाला? नेदरलँड्समधल्या २७ रुग्णालयांत १,११९ बायकांवर अभ्यास झाला, तो २०१७ साली प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांत तेलाच्या गटात सुमारे ४० टक्के बायकांना गर्भ राहिला, पाण्याच्या गटात २९ टक्के. तेव्हा कोणती डाय वापरणार ते आधी विचारा. तेलाची असेल तर टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, आधी करून घ्या आणि नंतरही.

आता त्याच अभ्यासातली माझी आवडती गोष्ट. ज्यांच्या नवऱ्यांचे वीर्याचे रिपोर्ट फार वाईट होते, ती जोडपी त्यात घेतलीच नव्हती. म्हणजे पुरुषाची तपासणी आधी झाली, मग बाईला टेबलावर घेतलं. आमच्याकडे? माझ्या दोन्ही नळ्या खुल्या निघाल्या. मग ह्यांच्या तपासणीचा विषय निघाला, तर आधी कंपनीत ऑडिट, मग गणपती, मग सर्दी. एका डबीचं काम, त्याला चार महिने लागले. रिपोर्टमध्ये जे निघालं त्यावर घरात कुणीही जेवताना चर्चा केली नाही. जाऊबाईंनीसुद्धा नाही. माझ्या कोळंबीवर मात्र सव्वा वर्ष सगळे तज्ज्ञ होते.

राहिलेलं सांगते. रेडिएशन थोडं असतं, त्याची धास्ती नको. पण पाळीचा रक्तस्राव थांबल्यावर, साधारण पाळीच्या दहाव्या दिवसाच्या आतच तपासणी करतात, कारण पोटात गर्भ असताना ती चालत नाही. ओटीपोटात संसर्ग असेल तर ती लगेच करत नाहीत. दोनेक दिवस रक्ताचे थोडे डाग पडणं ठीक. ताप आला, दुखणं वाढलं किंवा घाण वासाचा स्राव झाला तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. मी डॉक्टर नाही, तेव्हा तुमची कोळंबीची गोष्ट त्यांच्या कानावर घालाच. फॉर्मवर फक्त 'ॲलर्जी' लिहून सोडू नका, काय होतं तेही लिहा, नाहीतर माझ्यासारख्या परत याल. आणि फाईलमध्ये नवऱ्याचा रिपोर्ट लागल्याशिवाय तारीख घेऊ नका.