माथेरानला म्हाताऱ्या माणसांना घेऊन जाताय? आधी शेवटचे तीन किलोमीटर बघा

ताई, तुमची पोस्ट वाचली आणि आमचं २०१७ आठवलं. तुमचंही आमच्यासारखंच: सोलापूरहून दोन पोरं, गुडघे धरलेल्या सासूबाई, परीक्षा संपल्या संपल्या एप्रिलात चार दिवस माथेरान, आणि तुम्ही विचारलंय काय, तर कुठले पॉइंट बघावेत. आम्हीही तेच विचारत बसलो होतो. जे विचारायला हवं होतं ते राहिलं.

सोलापुरातल्याच एका ट्रॅव्हल ऑफिसात पैसे भरले. कागदावर स्वच्छ लिहिलेलं, 'मिनीट्रेनची सफर समाविष्ट'. पोरं आठवडाभर झुकझुक करत घरभर पळत होती. माथेरानच्या पायथ्याशी नेरळला उतरलो तेव्हा कळलं, मे २०१६ मध्ये डबे रुळावरून घसरल्यापासून गाडी बंद. म्हणजे जवळजवळ वर्षभर! नेरळच्या चहावाल्याला ठाऊक, पैसे घेणाऱ्याला नाही. फोन लावला तर म्हणे, "तो रेल्वेचा प्रश्न आहे." परत आल्यावर तीन खेपा घातल्या, एकदा साहेब जेवायला गेलेले, एकदा साहेब बाहेरगावी, तिसऱ्यांदा साहेब होते पण पावती सापडेना. पैसे गेले ते गेलेच. पण चूक माझीही होती. नेरळ स्टेशनला किंवा हॉटेलला एक फोन करायला मला काय झालं होतं?

खरा मार पुढेच बसला. टॅक्सी दस्तुरी नाक्यापर्यंतच जाते, तिथून पुढे गावात गाड्यांना बंदी. बाजारपेठ तिथून अडीच-तीन किलोमीटर, लाल मातीचा चढउताराचा रस्ता. आमचं हॉटेल तर बाजाराच्याही पुढे, एका टोकाला. सासूबाई घोड्याला घाबरल्या, म्हणून हातरिक्षा केली. एक माणूस पुढून ओढतोय, दोन मागून ढकलतायत, आणि त्या वाटभर पदर तोंडाला लावून बसलेल्या. रात्री जेवल्या नाहीत. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या रिक्षा बंद करायला सांगितल्या, ते वाचून त्यांना बरं वाटलं.

आता ई-रिक्षा आल्यात, आणि दस्तुरीजवळच्या अमन लॉज स्टेशनपासून गावापर्यंत छोट्या गाडीची शटलही आहे. तरी निघण्याच्या आदल्या दिवशी हॉटेलला स्वतः फोन करून तीनच गोष्टी विचारा: छोटी गाडी चालू आहे का, ई-रिक्षा दारापर्यंत येते का, आणि खोली तळमजल्यावर आहे का. माझी माहिती जुनी धरा, तिथले नियम बदलत असतात. हॉटेल मात्र बाजाराजवळच घ्या, 'व्हॅली व्ह्यू'च्या नादी लागू नका. हे माझं मत. माझी बायको अजूनही व्ह्यूच्या बाजूची आहे.

जाताना आपली सोलापूर-मुंबई सिद्धेश्वर एक्सप्रेस बरी. रात्री बसा, पहाटे कल्याणला उतरा आणि कर्जतची लोकल पकडून नेरळ. पोरं झोपेतच निम्मा प्रवास करतात. कारने गेलात तर ती दस्तुरीलाच ठेवावी लागते, आणि वर चार दिवस तिचा काही उपयोग नाही.

थंड हवेचं म्हणून स्वेटरांची पेटी नेऊ नका. उंची साधारण आठशे मीटर, एप्रिलात दुपारी गरम होतंच. फरक सावलीचा. झाडी इतकी दाट की दुपारीही रस्त्यावर ऊन तुकड्यातुकड्यानेच पडतं. आपल्याकडे सोलापुरात सात रस्ता चौकात दुपारी बारा वाजता उभं राहणाऱ्याला ती काय चीज आहे ते कळेल.

हां, पॉइंट. पहाटे पॅनोरामा, संध्याकाळी पॉर्क्युपाइन, मधल्या एखाद्या दिवशी शार्लोट तलाव. बास. घोडेवाले बारा-पंधरा पॉइंटांची यादी वाचून दाखवतील, त्यात पडलात की सुट्टीची ड्युटी होते. आमचा सगळ्यात चांगला दिवस व्हरांड्यात पत्ते खेळण्यात गेला, आणि सासूबाई त्या दिवशी पहिल्यांदा हसल्या.

कडक भाकरी आणि शेंगाचटणी जरूर न्या, पण पिशवी हातात लटकवून हिंडू नका. आमची चटणी माकडाने पळवली, झाडावर बसून पुडा फोडला, चाखली, आणि उरलेली आमच्याच अंगावर फेकली.