वाचकांचे प्रश्न : वर्गणीवर बॉक्सिंग चालेल काय?

प्रश्न : खासबाग मैदानात तिकीट काढून कुस्ती पाहणाऱ्या आम्हांला कुतूहल आहे, की मासिक वर्गणी घेणाऱ्या स्ट्रीमिंग सेवांना बॉक्सिंगचे प्रक्षेपण परवडेल काय? (एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर)

उत्तर : परवडेल; मात्र केवळ बॉक्सिंगच्या जोरावर नव्हे, असे आमचे मत आहे. २०१८ मध्ये अमेरिकेत उतरलेल्या 'डाझोन' या क्रीडा स्ट्रीमिंग सेवेने दर लढतीला वेगळे पैसे घेण्याची पद्धत मोडीत काढण्याची भाषा केली आणि मेक्सिकोचा मुष्टियोद्धा कानेलो अल्वारेझ याच्याशी ११ लढतींचा, ३६.५ कोटी डॉलरचा करार केला. पण २०२२ मध्ये त्याच्याच रशियन मुष्टियोद्धा दिमित्री बिवोलविरुद्धच्या लढतीसाठी तिने जादा आकार लावला. कारण उघड आहे : नामांकित मुष्टियोद्धा वर्षातून दोन-तीनदाच रिंगणात उतरतो, तेव्हा त्याच्यासाठी आलेला प्रेक्षक उरलेले महिने वर्गणी कशासाठी भरील? (खासबागेतही मोठी जोड निकाली होताच गर्दी पांगते.) नेटफ्लिक्सचे गणित निराळे आहे; तेथे मालिका-चित्रपटांसाठी वर्गणी आधीच भरलेली असते आणि बॉक्सिंग हे वरचे आकर्षण ठरते. नोव्हेंबर २०२४ मधील जेक पॉल-माइक टायसन लढत सहा कोटी घरांत पाहिली गेल्याचे त्या कंपनीने सांगितले, जरी चित्र अडखळल्याच्या तक्रारीही पुष्कळ झाल्या.