शिकवू लागल्यावर अभिनय सुटतो का?

प्रश्न : राज्य नाट्य स्पर्धेत मी बारा वर्षे कामे केली. आता महाविद्यालयात नाट्यशास्त्र शिकवण्याची संधी आली आहे. त्यामुळे अभिनय आणि दिग्दर्शन सुटेल का?
– एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : सुटेलच असे मुळीच नाही. पुण्यात जन्मलेले इब्राहिम अल्काझी लंडनच्या ‘राडा’ (रॉयल अकॅडमी ऑफ ड्रॅमॅटिक आर्ट) या नाट्यसंस्थेत शिकले, मुंबईत नट आणि दिग्दर्शक म्हणून नावारूपाला आले आणि १९६२ ते १९७७ अशी पंधरा वर्षे राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचे संचालक होते, याच काळात, १९६३ मध्ये, दिल्लीच्या फिरोजशाह कोटल्याच्या भग्नावशेषांत त्यांनी ‘अंधायुग’ हे नाटक उभे केले.

खरा धोका वेगळा आहे आणि तो मला आजही सलतो. तालमीत एका मुलीला मी एकच वाक्य चार वेळा म्हणून दाखवले. पाचव्या वेळी वाक्यात मी जिथे थांबलो होतो तिथेच ती थांबली, श्वासही माझ्यासारखाच घेतला आणि तिची भूमिका तिथेच हरवली. तेव्हापासून मी म्हणून दाखवत नाही, ‘या पात्राला आत्ता काय हवे आहे?’ एवढेच विचारतो. नोकरी अवश्य स्वीकारा. मात्र वर्षातून एक भूमिका दुसऱ्या दिग्दर्शकाच्या हाताखाली करा आणि त्याची परवानगी असेल, तर त्या तालमींना विद्यार्थ्यांनाही बसू द्या.