काचेवरचा न हलणारा ठिपका

प्रश्न : मुलगा बेळगावजवळ सांबऱ्याच्या विमानतळावर छोटं विमान उडवायला शिकतोय. एवढ्या मोठ्या आभाळात दोन विमानं धडकतात तरी कशी? – एक आई, खानापूर

उत्तर : ताई, आभाळ मोठं, पण उतरायचं सगळ्यांना एकाच धावपट्टीवर. म्हणून बऱ्याचशा धडका विमानतळाच्या आसपासच होतात, त्याही लख्ख उजेडात. मी शिकवायचो तेव्हा पोरांना सांगायचो, काचेवर सरकत जाणारं विमान सहसा निघून जातं. एका जागी चिकटून मोठा होत जाणारा ठिपका म्हणजे थेट आपल्यावरच येणारं विमान, तो खरा वैरी. एकदा असा ठिपका मेलेलं चिलट समजून मी बोटाने पुसायला गेलो. पुसला जाईना! समोरासमोर आलं की दोघांनी उजवीकडे वळायचं, तसा वळलो. (खानापूर रस्त्याची डावीकडे घ्यायची सवय इथे घातक.)

नजर झाडूसारखी फिरवू नये. आभाळाचा १० अंशांचा एकेक तुकडा घ्यायचा, प्रत्येकावर सेकंदभर थांबायचं. पंख वर असलेल्या सेस्नासारख्या छोट्या विमानात वळण्याआधी त्या बाजूचा पंख जरा उचलून बघायचं. वळताना तोच आडवा येतो. रेडिओ ऐकावा, पण त्याच्या भरवशावर राहू नये. आणि हो, काच आदल्या दिवशीच पुसून ठेवायला सांगा.